‘बाबा काही मोठे माणूस नव्हते, मग लिहायचे काय?’

वाचकाचे पत्र

माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते. १९८० साली मदतनीस म्हणून लागले आणि २०१५ मध्ये निवृत्त झाले. नागपुरात नाग नदीच्या काठच्या एका जुन्या वस्तीत आमचे घर आहे. वस्तीतले लहानथोर त्यांना ‘भाऊ’ म्हणत. वादळात लाइन गेली की रात्री-अपरात्री जात; उन्हाळा लागला की कोणी न सांगता घरोघरचे कूलर तपासून देत, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी हे सोडले नाही. गेल्या आश्विनात ते गेले. येत्या आश्विनात वर्षश्राद्ध आहे. थोरल्या भावाला चौकात मोठा फ्लेक्स लावून पाचशे माणसांचे जेवण करायचे आहे. धाकटा म्हणतो, तेवढे पैसे एखाद्या आश्रमाला द्यावेत. मला वाटते, बाबांविषयी काही लिहून ठेवावे. पण लिहायला बसले की ‘कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी’ यापुढे गाडी सरकत नाही. दोघे भाऊ म्हणतात, ‘बाबा काही मोठे माणूस नव्हते, मग लिहायचे काय?’

त्यांच्या पेटीत एक चोपडी सापडली. तीत खांबांचे क्रमांक आणि पुढे नोंदी आहेत. उदाहरणार्थ, ‘१७ नंबर, तिसरे घर, आजोबा, दम्याचे मशीन, आधी इथे.’ अशी बरीच पाने आहेत.

दोन गोष्टी मनाला टोचतात. बाबांच्या हाताखालच्या एका मदतनिसाचा हात विजेच्या धक्क्याने गेला होता. त्याविषयी बाबा घरी कधी बोलले नाहीत, पण त्याच्या मुलाची फी ते वर्षानुवर्षे भरत होते, हे आम्हाला आता कळले. आणि आई म्हणते, ‘साऱ्या वस्तीला भाऊ भेटले, मला मात्र दिवाळीच्या रात्री ते घरी दिसले नाहीत.’ हे लिहायचे की झाकून ठेवायचे?

– एक लेक, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या भावांच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही नकळत पत्रातच लिहून पाठवले आहे. सतरा नंबरच्या खांबाची ती एक ओळ मी कितीतरी वेळा वाचली. निधनवार्तेतल्या विशेषणांनी जे कधीच सांगून होत नाही, ते तिच्यात आहे. मात्र लाइनमनचे काम ज्याने जवळून पाहिलेले नाही त्याला ती ओळ नुसती वाचून कळणार नाही. ती उलगडून सांगणे हेच तुमच्या लेखनाचे काम आहे, आणि ते कसे करता येईल याचा एक नमुना मी इथेच देते.

मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे वळवाचे वादळ येते, फांद्या तारांवर पडतात, वस्तीच्या वस्ती अंधारात जाते आणि तक्रारींची रांग लागते. डीपीवरचा, म्हणजे वस्तीला वीज वाटणाऱ्या पेटीतला, फ्यूज उडाला असेल तर तो बसवल्याबरोबर सगळ्या घरांत एकदमच दिवे लागतात. तिथे आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न येत नाही. पण खांबावरून घरात जाणारी सर्व्हिस वायर तुटली असेल किंवा खांबावरचा जोड जळाला असेल, तर प्रत्येक घरासाठी शिडी वेगळी लावावी लागते आणि पावसात एकेका घराचे काम बराच वेळ खाते. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा आणि ज्याची ओळख वरपर्यंत, त्याच्या दारात शिडी आधी लागते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तुमच्या बाबांनी हा निर्णय रात्री दोन वाजता, चार माणसे खाली उभी राहून ओरडत असताना घ्यायचा ठेवलाच नव्हता. कोणाच्या घरी दमेकरी आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, कोण एकटे राहते, याची चौकशी करून त्यांनी तो दिवसाउजेडी चोपडीत लिहून ठेवला होता. त्यामुळे त्या रात्री सतरा नंबरच्या तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला ओळखपाळख लागत नव्हती. एका ओळीवरून हा एवढा परिच्छेद लिहिता आला, आणि अशी बरीच पाने तुमच्याकडे आहेत.

म्हणून माझे सांगणे असे, की इतक्यात लिहायला बसू नका. आधी चोपडीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यांच्या प्रती छापून घ्या, मूळ चोपडी पावसापाण्यापासून दूर कपाटात ठेवा आणि प्रती घेऊन वस्तीत फिरा. सोबत बाबांबरोबर काम केलेला एखादा निवृत्त लाइनमन घ्या. काही खांब बदलले असतील, क्रमांक पुसले गेले असतील, घरांच्या जागी मजले चढले असतील. तरी कोणता क्रमांक कुठे होता हे त्याला सांगता येईल, आणि खांबापाशी उभे राहिल्यावर त्याला जे आठवेल ते घरात चहाच्या कपावर आठवणार नाही. नोंदीतल्या घरी जा. ती माणसे नसतील तर त्यांची मुले-सुना असतील. ‘भाऊ कसे होते?’ असे मात्र कोणाला विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘फार चांगले होते’ असेच येणार आणि तुम्ही पुन्हा त्या तीन शब्दांपाशी येऊन थांबणार. लाइन गेली होती त्या रात्रीचे विचारा. ते आले तेव्हा अंगावर काय होते, खांद्यावर काय होते, पहिले वाक्य काय बोलले, काम झाल्यावर पाणी मागितले की चहा, पैसे देऊ केले तेव्हा काय म्हणाले, असे लहान आणि नेमके विचारा. बोलण्याची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवा आणि त्याच दिवशी उतरवून काढा. दोन दिवस गेले की आवाज तोच राहतो, पण सांगताना ते कोणत्या खांबाकडे बोट दाखवत होते हे तुम्ही विसरलेल्या असता.

वृद्ध माणसांना साल विचारले की ती गोंधळतात. त्यांना शहराला आठवणारे दिवस विचारा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या दिवशी कूलरचा भार सगळ्या डीपींवर होता आणि तुमचे बाबा नोकरीत होते. ते कुठे होते, लोखंडी खांबाला हात लावता येत होता का, डोक्याला काय बांधले होते, हे त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला विचारा. संक्रांतीचे विचारा, नागपूरची संक्रांत म्हणजे पतंग, आणि पतंगांच्या दुसऱ्या दिवसापासून तारांत अडकलेला मांजा काढण्याचे काम लाइनमनच्याच नशिबी येते. नायलॉनचा मांजा आला तेव्हापासून त्यात गुरफटलेले पक्षी सोडवण्याचेही काम आले. त्यावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तरी तारांवर तो दिसायचा थांबलेला नाही. २००५ चे विचारा, कारण १९६० पासून चालत आलेल्या वीज मंडळाच्या त्या वर्षी वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. २०११ चेही विचारा, कारण तेव्हापासून काही वर्षे नागपुरातल्या तीन विभागांचे वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे होते. बाबांचे कार्यालय त्यात आले की नाही आणि हाताखालची माणसे बदलली का, हे सहकाऱ्यांना ठाऊक असणार. आणि सप्टेंबर २०२३ ची ती रात्र तर कोणी विसरणार नाही, जेव्हा काही तासांत धो-धो पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. तेव्हा बाबा निवृत्त होते. पाणी मीटरपर्यंत चढण्याआधी मेन स्विच बंद करायला त्यांनी कोणाकोणाला सांगितले, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय राहू नका. वस्ती नदीकाठी आणि घरात पस्तीस वर्षांचा लाइनमन, म्हणजे त्या रात्रीची काही ना काही हकीकत असणारच.

हे सारे यंदाच करा, असे मी आग्रहाने सांगते. त्यामागे या शहराचाच एक अनुभव आहे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस या कापड मिलविषयी वाचायला गेलात तर जमशेटजी टाटांचे नाव पहिल्या ओळीत सापडते, त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे सापडते, मिलला ते नाव कोणत्या महाराणीवरून मिळाले हेही सापडते. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाळी करणाऱ्या हजारो माणसांपैकी एखाद्या कामगाराचा दिवस कसा जाई, तुटलेला धागा चालू साच्यावर (यंत्रावर) तो कसा जोडे, रात्रपाळीत डबा कोणाबरोबर खाई, हे हवे असेल तर आज त्याची नातवंडे शोधावी लागतात, आणि त्यांच्यापाशी भोंग्याच्या आठवणीखेरीज फारसे काही उरलेले नसते. मिल गेली, जागेवर मॉल आला. घरातल्या माणसांनी ‘त्यात काय लिहायचे?’ म्हणून जे लिहिले नाही ते कायमचे गेले. तुमच्या बाबांचे सहकारी आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना अजून सगळे आठवते आणि तुम्हाला अजून विचारता येते.

आता एका धोक्याविषयी. वस्तीत फिराल तेव्हा एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकू येईल: ‘भाऊ चालू तारेला नुसता हात लावत, त्यांना काही होत नसे.’ प्रत्येक जुन्या लाइनमनविषयी लोक प्रेमापोटी असे सांगतात. हे छापू नका. एक तर ते वाचून कोणी पोरगा तसे करायला जाईल. दुसरे म्हणजे, चांगल्या लाइनमनची थोरवी याच्या अगदी उलट असते. तो आधी लाइन बंद करवून परवाना घेतो, मग ती खरोखर बंद आहे का हे तपासतो, आणि तरीही तारांना अर्थ दिल्याशिवाय, म्हणजे त्या जमिनीशी जोडल्याशिवाय, हात लावत नाही. कारण मंडळाकडून वीज बंद असली तरी कुठल्या तरी घरातला इन्व्हर्टर किंवा मंगल कार्यालयातला जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर उलट दिशेने वीज येऊ शकते. हे सगळे पावसात, अंधारात, खालून माणसे घाई करत असताना, रोज करायचे आणि एकाही दिवशी ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणायचे नाही, याला फार मोठा संयम लागतो. पस्तीस वर्षे हे काम करून ज्या माणसाने दोन्ही हात शाबूत ठेवून निवृत्ती घेतली, तो किती काळजीपूर्वक वागत असेल हे लिहा. शक्य असेल तर त्यांच्या जोडीदाराला म्हणा, की खांबावर चढण्याआधी बाबा काय काय आणि कोणत्या क्रमाने करत ते मला करून दाखवा. हातमोज्यात हवा फुंकून तो कुठे फाटला तर नाही ना हे पाहणे, शिडीचा पाय दाबून बघणे, पक्कड कोणत्या खिशात असे, पट्टा कसा आवळत, या बारकाव्यांचे एक पान तुमच्या पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे पान होईल, असे मला वाटते. गोष्ट मोठी असेल तर ती दोन माणसांकडून पडताळून घ्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहा; त्याने बाबांचे मोल कमी होत नाही.

यावरूनच त्या मदतनिसाकडे येते. तुमच्या पत्रातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि इथे मी तुम्हाला सावकाश जायला सांगेन. तो अपघात तुमच्या बाबांच्या आयुष्यातला एक प्रसंग असेल, पण त्या गृहस्थांचे सारे आयुष्य त्याने बदलले. ती हकीकत आधी त्यांची आहे. त्यांच्या घरी जा. एकट्या जा, भावांना नेऊ नका, मोबाइलवर आवाज नोंदवू नका, आणि पहिल्या भेटीत अपघाताचा विषय तुम्ही काढू नका. बाबांची चोपडी दाखवा, बाबा कसे काम शिकवत ते विचारा. ते स्वतःहून बोलले तर ऐका, आणि उठताना सरळ विचारा, की हे लिहिले तर चालेल का, तुमचे नाव घातले तर चालेल का, मुलाच्या फीचा उल्लेख केला तर त्याला आवडेल का. मुलाची संमती वेगळी घ्या. तो आज कमावता असेल, त्याच्या सासरी, त्याच्या कार्यालयात ही गोष्ट छापील स्वरूपात पोहोचावी की नाही, हे त्यानेच ठरवायचे आहे. या तिन्हींपैकी कोणत्याही गोष्टीला नकार आला तर ती पूर्ण वगळा. ‘एका सहकाऱ्याच्या कुटुंबाला त्यांनी गुप्तपणे मदत केली’ अशी अर्धी झाकलेली ओळसुद्धा नको, कारण वस्तीत ती ओळ वाचून प्रत्येकाला नाव कळते.

होकार आला तर जे झाले तेवढेच लिहा. बाबांना अपराधी वाटत होते का, चूक कोणाची होती, ते घरी का बोलले नाहीत, याविषयी तुमच्या मनात अंदाज असतील. ते लिहू नका. तुम्हाला माहीत आहे ते असे, की अपघात झाला, बाबा घरी काही बोलले नाहीत आणि त्यांनी फी भरली. एवढे तीन वाक्यांत लिहिले तरी वाचणारा थांबेल. चोपडीच्या मागच्या पानांवर उसनवारीच्या नोंदी सापडल्या, तर त्यांतले एकही नाव छापायचे नाही आणि कोणाकडे मागायचेही नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आईविषयी मात्र मला जरा जास्त बोलायचे आहे. ‘हे लिहायचे की झाकून ठेवायचे?’ असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: लिहायचे, आईच्या शब्दांत लिहायचे आणि पुस्तिकेच्या सुरुवातीलाच लिहायचे. दिवाळीच्या रात्री रोषणाईचा भार तारांवर असतो, फटाक्यांनी कुठे ना कुठे काही जळते, म्हणून लाइनमनला त्या रात्री सुट्टी मिळत नाही. हे कारण आईला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. कारण कळले म्हणून दुःख जात नाही. एवढ्या वर्षांच्या दिवाळ्यांत पोरांना उटणे लावून, फराळ करून, लक्ष्मीपूजन एकटीने उरकून ती दाराकडे पाहत बसली असेल, आणि वस्तीतली माणसे सकाळी येऊन सांगत असतील, की भाऊंमुळे आमची दिवाळी उजेडात झाली. हे दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकाच पानावर यायला हवे. दाराची कडी वाजली की आधी कोण उठत होते, टॉर्चचे सेल कोण बदलून ठेवत होते, ते परत येईपर्यंत कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे आईला विचारा. ‘आई त्यागमूर्ती होती, तिच्यामुळेच बाबा हे करू शकले’ असले वाक्य मात्र कृपा करून घालू नका. त्या वाक्याने तिची तक्रार गोड बोलून मिटवली जाते. तिचा राग असेल तर राग राहू द्या. तिने एखादे वाक्य काढायला सांगितले तर विनातक्रार काढा, आणि भावांनी काढायला सांगितले तर काढू नका.

या मार्गाने गेलात तर तुमचे बाबा देवमाणूस म्हणून उभे राहणार नाहीत. दुसऱ्याच्या घरातल्या आजारी माणसाची नोंद ठेवणारे आणि स्वतःच्या घरच्या दिवाळीला न पोहोचणारे गृहस्थ म्हणून उभे राहतील. माझ्या मते त्यांना ओळखणाऱ्यांना हेच भाऊ हवे असतील.

भावांच्या दोन्ही सूचनांवर फार शब्द खर्च करत नाही. चौकात फ्लेक्स लावायला महानगरपालिकेची परवानगी लागते, आणि ती घेऊनही तो बहुतेक वेळा बांधला जातो विजेच्या खांबाला. खांबाला बांधलेल्या फलकामुळे लाइनमनला वर चढता येत नाही, वाऱ्याने तो फाटला की तारांवर जातो, त्याची बांधणीची तार कधी जिवंत तारेला टेकते. तुमच्या बाबांनी आयुष्यभर असे फलक सोडवले असणार. त्यांचा फोटो खांबाला बांधू नये, हे थोरल्या भावाला एवढ्या कारणाने पटेल, असे मला वाटते. जेवण घालायला हरकत नाही, पण ते अंगणात मावेल एवढे असावे: जुने सहकारी, त्यांच्या बायका, चोपडीतल्या घरांची माणसे आणि आप्त. गाडगेबाबा आपल्या विदर्भातल्या गावोगाव फिरून ऋण काढून सण-तेरव्या करू नका म्हणून सांगत राहिले, ते थोरल्या भावाला आठवून द्या. आश्रमाला देणगी देणे चांगलेच आहे, मात्र ते कोणाच्याही नावाने देता येते. तुमच्या बाबांच्या नावाने जे करायचे ते त्यांच्या कामातून निघालेले असावे, आणि ते काय असू शकते हे तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेला आहात.

ते काम कूलरचे आहे. विदर्भातल्या प्रत्येक उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे जातात, आणि त्यांत पाणी भरणाऱ्या बायका आणि जवळ खेळणारी मुले असतात. पत्र्याची पेटी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, अनवाणी पाय, आणि प्लगची तिसरी पिन मोडलेली किंवा दोन पिनांचा प्लग लावून काम भागवलेले: एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की पंपाच्या वायरचे आवरण विरल्याबरोबर सारा पत्रा जिवंत होतो. त्यात घराची अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी पडते. आपली काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. हे बहुतेक घरांना माहीतच नसते आणि तुमच्या बाबांना माहीत होते. ते उन्हाळ्याच्या तोंडी घरोघर जाऊन नेमके काय पाहत असतील, ते त्यांच्या जोडीदाराकडून लिहून घ्या. मग दर वर्षी ४ मार्चला, म्हणजे लाइनमन दिवसाला, किंवा त्याच्या लगतच्या रविवारी, वस्तीतले कूलर तपासण्याचे काम भावंडांनी मिळून अंगावर घ्या. होळीच्या सुमाराला आपल्याकडे कूलर माळ्यावरून खाली येतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या जातात. तपासणीची हीच वेळ आहे.

हे काम तुम्ही स्वतःच्या हाताने करायचे नाही. परवानाधारक वायरमनला त्याची पूर्ण मजुरी देऊन बोलवा. बाबांच्या नावाने फुकट राबवून घेऊ नका. जवळच्या आयटीआयमधली वीजतंत्रीची मुले प्राचार्यांच्या परवानगीने सोबत आली तर त्यांनाही शिकायला मिळेल. ज्या घरांची ऐपत नाही त्यांची तीन पिनांची वायर बदलून देणे आणि जमेल तेवढ्या घरांत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून देणे, यात थोरल्या भावाचे फ्लेक्सचे आणि धाकट्याचे देणगीचे पैसे सत्कारणी लागतील. त्या उपकरणाचे काम एवढेच, की गळती होताच ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायला घरच्या बाईला शिकवा. आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद न करता प्लग काढायचा, हे प्रत्येक दारात पुन्हा सांगा. गेल्या उन्हाळ्यात भाऊ नव्हते तेव्हा हे कोणी सांगितले, असे वस्तीत विचारून पाहा. कोणीच सांगितले नसेल, तर येत्या मार्चपासून ते तुमच्याकडे आले आहे.

पुस्तिकेविषयी थोडे व्यवहाराचे. फार लांबवू नका. सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे बत्तीस पाने, पुरेत. अक्षर मोठे घ्या, कारण वाचणारे त्यांच्या वयाचे आहेत. चोपडीची दोन-तीन पाने जशीच्या तशी त्यांच्या अक्षरात छापा, पण आजारपणाच्या नोंदी असलेली पाने निवडताना त्या घरांना विचारा, आणि नाव-क्रमांक दिसणार नाहीत अशी काळजी घ्या. मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो नको. कामाच्या कपड्यांतला, जोडीदारांबरोबरचा एखादा फोटो कार्यालयातल्या कोणाकडे तरी निघेल. जन्म, शाळा, नोकरीचे आदेश, बदल्या यांच्या तारखा सेवापुस्तकावरून आणि पेन्शनच्या कागदांवरून पडताळून एका पानात उरकून टाका. प्रस्तावनेसाठी नगरसेवक किंवा आमदार शोधू नका. दोन पाने त्या निवृत्त लाइनमनला लिहू द्या. त्यांना लिहिता येत नसेल तर ते सांगतील आणि तुम्ही उतरवा, पण त्यांच्या नागपुरी बोलण्याची भाषा सुधारत बसू नका.

छापायला देण्याआधी कच्ची प्रत आईला वाचून दाखवा आणि त्यानंतर मदतनिसाच्या घरी नेऊन द्या. वर्षश्राद्धापर्यंत सगळे जमले नाही तर घाई करू नका. त्या दिवशी जेवायला आलेल्या माणसांना चोपडीच्या प्रती दाखवल्यात तर उरलेली अर्धी सामग्री तिथेच मिळेल, आणि पुस्तिका मार्चमध्ये कूलर तपासणीच्या दिवशी वाटता येईल. शेवटची चार पाने कोरी सोडायला छापखान्याला सांगा आणि वर एवढेच छापा, की ‘इथे काही चुकले असेल किंवा राहिले असेल, तर लिहून द्यावे.’ भरलेल्या प्रती परत मागून घ्या, कारण दुसरी आवृत्ती त्यांच्यावरूनच करायची आहे.